शाळेचे हिवाळी भित्तिपत्रक : कामाच्या नोंदी

निफाड तालुका, जिल्हा परिषद शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. पट ५८. डिसेंबरात त्यात द्राक्ष-कांद्याच्या कामाला आलेल्या मजुरांची ९ मुले वाढली. दुसऱ्या शाळेला असेच भित्तिपत्रक करायचे असेल तर आमचा वेळ आणि पैसा कुठे वाया गेला ते आधीच कळावे, म्हणून या नोंदी.

१० नोव्हेंबर

परिपाठात बातम्या रोज होतात, पण त्या पेपरातून उतरवलेल्या. चौथीची मुलगी दिल्लीची बातमी खणखणीत वाचते आणि समोरच्या एकालाही तिच्याशी देणेघेणे नसते. म्हणून ठरवले की हिवाळाभर दर सोमवारी गावातल्याच बातम्यांचे भित्तिपत्रक लावायचे आणि परिपाठात तेच वाचायचे. शाळा व्यवस्थापन समितीने २,५०० रुपये मंजूर केले.

फलक : कमर्शियल प्लायवुड, १२ मिमी, ८ × ४ फूट, १,६५० रुपये. सहा मिमीचे स्वस्त मिळते, पण थंडी-उन्हात महिनाभरात त्याला पोट येते.

मांडणी कागदावर आधी आखली. कार्डशीट २२ × २८ इंच. आठ फुटांत चार शीट उभ्या बसतात (८८ इंच). उंचीत २० इंच उरतात, त्यांत वर नावाची पट्टी आणि खाली कोडे, दिनविशेष, दुरुस्ती. मजकुराचे अक्षर अर्धा इंच, मथळ्याचे दीड इंच. अर्ध्या इंचाच्या अक्षरात एका ओळीत सात-आठ शब्द मावतात आणि ओळीला एक इंच लागतो. म्हणजे ४० शब्दांची बातमी मथळ्यासकट आठ-नऊ इंच खाते. एका शीटवर तीन बातम्या, चार शीटवर बारा. त्यातली एक जागा हवामानाच्या तक्त्याला. चाळीस शब्दांची मर्यादा ठेवण्यामागे शैलीचा विचार नाही, जागाच तेवढी आहे. मुलांना हे इंचपट्टी घेऊन दाखवले की ती लांबण लावत नाहीत.

१७ नोव्हेंबर

पहिला अंक लागला. फलक फाटकाजवळच्या कुंपणभिंतीवर ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. चिकटवायला मैद्याची खळ : १०० ग्रॅम मैदा, एक लिटर पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. ते विषारी आहे, शाळेत नको. चिमूटभर तुरटी चालते. अक्षरे स्केचपेनची.

मंगळवारी सकाळी अर्धा अंक निळ्या-जांभळ्या ओघळांत गेला होता.

२४ नोव्हेंबर

पाऊस नव्हता, दव होते. उघड्या आभाळाखालची वस्तू रात्री हवेपेक्षाही जास्त थंड होते आणि तिच्यावर दव धरते, छपराखालची तेवढी होत नाही. हे मान्य करायच्या ऐवजी फलकावर पारदर्शक प्लास्टिक ताणले (१८० रुपये, वाया). बाहेरून कोरडे, पण आतून घाम. खळ पुन्हा ओली झाली, शीटचे कोपरे वळले आणि दोन रात्रींत मुंग्या लागल्या. मग वर दोन फूट पुढे येणारा पत्रा लावून पाहिला. पत्र्याच्या खालच्या बाजूला पाणी धरते आणि ते नेमके मथळ्यावर टपकते. पत्र्याला पुढे उतार देऊन ते थांबले, पण वाऱ्याने तिरके येणारे धुके थांबले नाही.

पत्र्याचा खर्च नाही, शाळेत पडून होता. गेला तो वेळ.

१ डिसेंबर

फलक व्हरांड्यात, पूर्वेच्या भिंतीवर हलवला. दव बंद. परिपाठाआधी पोरे याच भिंतीशी ऊन खात उभी राहतात, म्हणजे वाचकही आयते मिळतील असा हिशेब होता. तो निम्माच बरोबर निघाला. ऊन खाणारा पोरगा तोंड सूर्याकडे आणि पाठ भिंतीकडे करतो. चार दिवसांत खालच्या ओळी स्वेटरने घासून पुसट. आता फलकासमोर दीड फुटावर बाके लावली आहेत. पोरे बाकावर उलटी बसतात, पाठीला ऊन घेतात आणि वाचतात.

उंची : खालची कड जमिनीपासून अडीच फूट. पहिलीच्या मुलाची नजर साधारण साडेतीन फुटांवर असते, म्हणून पहिली-दुसरीचा मजकूर सगळ्यात खाली आणि दुरुस्तीची चौकट खालून काढून मोठ्यांच्या नजरेला.

खळ बंद. टाचण्या तर दुसऱ्याच दिवशी बंद केल्या, त्या खाली पडतात आणि पहिलीचा वर्ग अनवाणी असतो. आता फलकाच्या वरून आणि खालून १४ गेजची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार, दर दोन फुटांवर आकडा, आणि शीटला चार बाइंडर क्लिप (३२ मिमी). सोळा क्लिप लागतात, डबा बाराचा येतो, म्हणून दोन डबे. तार व आकड्यांसह २१० रुपये. खालच्या क्लिप वगळू नका, वाऱ्याने शीट वर उडून फाटते.

शाई : स्केचपेन फक्त चित्रात रंग भरायला. मजकूर गोल टोकाच्या पर्मनंट मार्करने, मथळा तेलखडूने, त्याला पाणी लागले तरी तो हलत नाही. मार्कर खोडता येत नाही, म्हणून आधी पेन्सिल, मग शिक्षकांची नजर, मग शाई. तरीही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेच, तर त्याच कार्डशीटची पट्टी कापून वर डकवायची. पातळ कार्डशीटवर मार्कर मागे उतरतो. जाड घ्यावी, शीटमागे दोन-तीन रुपये जास्त पडतात.

४ डिसेंबर

तापमापक आला, किमान-कमाल दाखवणारा, डिजिटल नाही, ४५० रुपये. पाऱ्याचा घेऊ नये, फुटला तर शाळेत ती जोखीम परवडत नाही. अल्कोहोलचा मिळतो.

तो आधी वर्गाच्या भिंतीला टांगला होता. भिंत दिवसाची ऊब रात्रभर सोडते, त्यामुळे किमान आकडा जास्त येत होता, आणि सकाळच्या उन्हात कमाल आकडा भलताच चढत होता. आता उत्तरेला, मोकळ्या जागेत, चार फूट उंच खांबावर द्राक्षाचा रिकामा क्रेट आडवा बांधून त्यात ठेवला आहे. क्रेटवर पांढरा थर्माकोल. चारही बाजूंनी हवा खेळली पाहिजे आणि ऊन थेट लागता कामा नये, एवढे पाळले की पुरे.

८ डिसेंबर

तक्त्यात तीन दिवस एकच किमान आकडा. थंडी स्थिर नव्हती, वाचल्यावर तापमापक रीसेट केला (सुई चालू तापमानावर परत आणली) गेला नव्हता. नोंद घेणारी जोडी आणि रीसेट करणारी जोडी वेगळी असल्याने हे झाले. दोन्ही कामे एकाच जोडीकडे दिली.

दुसरी भानगड जास्त अवघड. शनिवारी शाळा सकाळची असते. साडेसातला वाचून लगेच रीसेट केले, तेव्हा हवा अजून गारच होती, ९ अंश. पुढची रात्र तितकी थंड नसली तरी सुई ९ वरच बसून राहते आणि आदल्या सकाळची थंडी दुसऱ्या दिवसाच्या नावावर जमा होते. म्हणून शनिवारी आकडा सकाळी वाचायचा, पण रीसेट अकराला, शाळा सुटताना. सोमवारचा आकडा शनिवार रात्र आणि रविवार रात्र या दोन्हींतला किमान असतो, त्याला तक्त्यात वेगळा रंग.

मुलांचा प्रश्न : पेपरात निफाडचा पारा वेगळा का? पेपरात येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. तिथे तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, ठरावीक उंचीवर असतो. आपला क्रेटात आहे. म्हणून तक्त्यावर ‘शाळेचा आकडा’ असेच लिहायचे, ‘निफाडचे तापमान’ लिहायचे नाही. आपल्या आकड्याचा उपयोग कालच्यापेक्षा आज किती, एवढ्यापुरता. तेवढा तो चोख आहे.

१५ डिसेंबर

चार गट, चार ठिकाणे : दूध संकलन केंद्र, शिवार, अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्र, एसटी थांबा व रेशन दुकान. प्रत्येक गटाच्या वहीत सहा रकाने : कोण, काय, कुठे, केव्हा, किती, का. पाच रकाने भरून येतात. ‘किती’ रिकामा येतो.

चौथीच्या गटाने आणलेली बातमी : ‘काल खूप थंडी पडली. द्राक्षांचे खूप नुकसान झाले. शेतकरी चिंतेत आहेत.’

तीन वाक्ये, आणि तिन्ही कुठल्याही वर्षी कुठल्याही गावात खपतील. गट परत पाठवला. दुसऱ्या दिवशी आले ते असे : ‘या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची आहे. आमच्या वस्तीवरच्या सहा बागांत पहाटे चार ते सात ठिबक चालू ठेवले. विहिरीचे पाणी हवेपेक्षा गरम असते. दोन बागांत बांधावर शेकोट्या केल्या. धूर सकाळी आठपर्यंत होता.’ यात ‘चिंता’ हा शब्द नाही आणि गरजही नाही.

त्यातले विहिरीच्या पाण्याचे वाक्य मुलांनी तपासलेही : बादलीत पाणी काढून सकाळी तापमापक बुडवला. (शाळेचा नव्हे, विज्ञान पेटीतला.)

१९ डिसेंबर

या आठवड्याच्या अंकात एका बागेत द्राक्षाचे मणी तडकल्याची बातमी होती, जमिनीच्या गट क्रमांकासकट. एक पालक शाळेत आले. म्हणणे सरळ होते : बागेचा सौदा व्हायचा आहे, व्यापारी गावात फिरतो आहे, आणि ‘अमक्याच्या बागेत तडे’ हे भिंतीवर वाचून त्याने किलोमागे दोन रुपये पाडले तर ते कोण भरून देणार? पाणी उतरलेल्या (पिकायला लागलेल्या) मालात थंडीने तडे जातात हे सगळ्यांना ठाऊक असते, पण कुणाच्या बागेत, हे सांगायचा हक्क त्या बागायतदाराचाच.

शीट त्याच दिवशी उतरवली. मुलांना वाटले बातमी खोटी ठरली. तसे नाही, हे समजावायला एक तास गेला आणि तो सत्कारणी लागला. त्यातून निघालेले नियम फलकाच्या कडेला लावले आहेत :

नुकसान, आजार, कर्ज, भांडण यांच्या बातमीत नाव नाही, गट क्रमांक नाही, वस्तीचे नावही नाही. ज्याची बातमी त्याला शाई लावण्याआधी वाचून दाखवायची. आजारी मुलांची फक्त संख्या. आणि दर सांगायचा तर बाजार समितीतला, घरातला नाही.

पालकांनी जाताना एक चूकही दाखवली : मुलांनी ‘डिपिंग’ आणि ‘थिनिंग’ ही एकच कामे समजून लिहिली होती. डिपिंगमध्ये घड संजीवकाच्या (वाढीच्या औषधाच्या) द्रावणात बुडवतात, थिनिंग म्हणजे घडातले जादा मणी काढणे. दुरुस्तीच्या चौकटीत पहिली दुरुस्ती ही गेली.

२२ डिसेंबर

दुसरी प्रत दूध संकलन केंद्रावर. आठवड्याचा सगळ्यात उपयोगी बदल हाच. पालक शाळेत वर्षातून चार-पाच वेळा येतात, डेअरीवर रोज दोनदा, आणि तिथे रांगेत दहा मिनिटे रिकामे उभे असतात. अख्खा अंक नाही, एकच शीट, तीन बातम्या. कॅन धुण्याचे पाणी उडते, म्हणून पाच फुटांच्या वर. शाळेतली प्रत कौतुकाने वाचली जाते, डेअरीवरची खोड काढायला. दुरुस्त्या तिथूनच येतात : एसटीची वेळ बदलली आहे, लाल कांद्याचा दर परवाचा आहे, अमुक म्हैस नव्हे गाय व्याली. शीटच्या खाली दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि दोन इंचांची कोरी पट्टी सोडली. पेन्सिल दोनदा गेली.

२९ डिसेंबर

पेठ, सुरगाणा या तालुक्यांकडून आलेल्या मजुरांची मुले आता वर्गात रुळली आहेत. भात-नागली काढून ही कुटुंबे इकडे येतात, द्राक्षाची आणि उन्हाळ कांद्याच्या लागवडीची कामे करतात आणि होळीला परत जातात. दाखला हातात नसला तरी प्रवेश अडवता येत नाही. परत जाताना शिक्षण हमी कार्ड (ते दाखवून मूल पुढच्या शाळेत बसू शकते) द्यायचे असते, त्याची यादी आत्ताच केली. फेब्रुवारीअखेर एखादे कुटुंब न सांगता रातोरात निघते आणि मग कार्ड कपाटात राहते.

या मुलांना बातमी लिहा म्हटले तर वही कोरी. बोलायला सांगितले तर थांबत नाहीत, पण आपल्या कोकणी बोलीत. (समुद्रकाठची कोकणी वेगळी, ही डांगाकडची.) तिसरीतल्या एकाने गावाकडची वरई कशी झोडपतात ते हातवारे करून सांगितले. गावच्या मुलाने त्याच्या शेजारी बसून लिहून घ्यायचे, अशी जोडी लावली. पहिल्या जोडीत लिहिणाऱ्याने सगळे आपल्या मराठीत बदलून टाकले. तिथे थांबवले.

कांदा लागवड सुरू झाल्याने गैरहजेरी वाढली आहे. मोठी भावंडे रोपे द्यायला आणि धाकट्यांना सांभाळायला शेतात. वर्गवार संख्येचा तक्ता फलकावर लावला. नावे अर्थातच नाहीत.

६ जानेवारी

दर्पण दिन. बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले ते ६ जानेवारी १८३२ ला, आणि त्यात एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी मजकूर असे. तीच मांडणी उचलली : प्रत्येक शीटला मधोमध रेघ, डावीकडे गावची मराठी, उजवीकडे पेठ-सुरगाण्याची बोली. स्तंभ अकरा इंचांचा, म्हणजे ओळीत तीनच शब्द. चाळीस शब्दांचे पंचवीस करावे लागले आणि बारा बातम्यांच्या आठ झाल्या. उजव्या स्तंभाला ‘शुद्धलेखन’ लावायचे नाही, सांगणाऱ्याला वाचून दाखवायचे आणि त्याने हो म्हटले की शाई. वरईची बातमी पहिल्या शीटवर.

त्या दिवशी मजुरांच्या तीन आया शाळेच्या आवारात आल्या. एरवी त्या फाटकाबाहेरूनच मुलांना सोडतात. त्यांपैकी दोघींना वाचता येत नव्हते, मुलांनी वाचून दाखवले. पुढच्या अंकांपासून शनिवारी साडेदहाला मोठ्याने वाचन ठेवले आहे. हे नोव्हेंबरातच सुचायला हवे होते.

१२ जानेवारी

बालबाजार, म्हणजे मुलांनी मांडलेल्या दुकानांचा बाजार. तारीख मुद्दाम भोगीच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी प्रत्येक घराला हरभऱ्याचे घाटे, पावटा, वांगी, गाजर, बोरे, ऊस, तीळ घ्यायचेच असतात. मागे २६ जानेवारीला भरवला होता तेव्हा भेळ खपली आणि भाज्या उरल्या.

जागा २४. भांडवलाची मर्यादा १५० रुपये. तळण फक्त मोठ्यांनी, शेगडी मुलांच्या रांगेपासून दहा फूट लांब, शेजारी वाळूची बादली.

सुटे पैसे १,३०० रुपयांचे आणले : एकची २०० नाणी, दोनची १००, पाचची ८०, दहाच्या ५० नोटा. प्रमाण चुकले. मुलांनी सगळे दर पाचच्या पटीत लावले, त्यामुळे पाचची नाणी तासाभरात संपली आणि एकची तशीच परत गेली. पाचची २०० आणि एकची ५० हवीत. पाचशेची नोट बंद असा फलक फाटकावर लावावा, आत लावून उपयोग नाही.

मोबाइलवरून पैसे देतो म्हणणारे बरेच. दुकानागणिक क्यूआर ठेवला की कुणाचे किती हे संध्याकाळी कळत नाही. समितीच्या एका सदस्याकडे पैसे द्यायचे, दहा-दहाची कुपने घ्यायची, बाजार उठल्यावर मुलांनी कुपने देऊन रोख घ्यायची. हे बिनबोभाट चालले.

वजन : दोन स्प्रिंग काट्यांपैकी एक ५० ग्रॅम जास्त दाखवत होता. मिठाची एक किलोची सीलबंद पिशवी टांगून तपासले म्हणून सापडले. पालेभाज्या जुडीनेच विकाव्यात.

हिशेबात सगळ्यांत जास्त वेळ गेला. निम्म्या मुलांनी विक्रीलाच नफा म्हटले. आणि घरच्या मेथीला भांडवल शून्य धरायचे का, यावर पालकांतच जुंपली. बियाणे, पाणी, आईची काढणीची मजुरी, हे कुणी धरायचे? तोडगा : त्या दिवशी गावच्या बाजारात जुडी ज्या घाऊक दराला जाते, तो दर भांडवल. तसे धरल्यावर मेथीवाल्याचा नफा जुडीमागे दोन रुपयांवर आला आणि तो नाराज झाला. बातमी म्हणून ही सगळ्यांत चांगली निघाली.

१३ जानेवारी

शाळेच्या आहारात भोगीची भाजी, बाजरीच्या भाकरी पालकांकडून. पहिली ते पाचवीला दरडोई ५० ग्रॅम भाजी धरतात. ६७ मुलांना ३ किलो ३५० ग्रॅम. पण ती साफ केलेली भाजी. घाटे सोलून निम्म्याहून कमी हातात येतात, आणि स्वयंपाकी ताईंना एकटीने ते अकरापर्यंत उरकणे शक्य नाही. सोलणे आदल्या संध्याकाळी समितीतल्या महिलांनी केले. बालबाजारात उरलेली वांगी, गाजरे घाऊक दराने घेतली.

१९ जानेवारी

खर्च : प्लायवुड १,६५०, तार-आकडे-क्लिप २१०, तापमापक ४५०, वाया गेलेले प्लास्टिक १८०, कार्डशीट-मार्कर-तेलखडू ७६०. एकूण ३,२५०, म्हणजे मंजुरीपेक्षा ७५० जास्त. ते बालबाजारातल्या जागांच्या दहा-दहा रुपयांतून २४० आणि बाकी दोन पालकांकडून.

जुन्या शीट गुंडाळी करून ठेवल्या तर तेलखडूचा रंग दुसऱ्या शीटला लागतो. सपाट ठेवाव्यात, मधे वर्तमानपत्र, आणि लाकडी कपाटात नको, वाळवी लागते. पत्र्याच्या पेटीत. पेठ-सुरगाण्याच्या मुलांच्या बातम्यांचे फोटो काढून ज्याची त्याची प्रत शिक्षण हमी कार्डाबरोबर पाकिटात घातली आहे. पाकिटे मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या वरच्या खणात आहेत, किल्ली अंगणवाडी ताईंकडेही आहे, कुणी सुट्टीच्या दिवशी निघाले तरी मिळावे म्हणून.